वर्क फ्रॉम होम आहे, रोज धावायचंही आहे. पुणं सोडून बीडला राहता येईल का?

पुण्यात आयटीत असलेल्या माझ्या एका वर्गमित्राचा गेल्या आठवड्यात मेसेज आला. कंपनीने घरून काम कायमचं केलंय, वाकडच्या फ्लॅटचं ॲग्रीमेंट संपतंय आणि घरमालकाला भाडं वाढवून हवंय. आई-वडील बीडला, घर स्वतःचं. अडचण एकच. हा गडी चार वर्षांपासून नेमाने धावतो, हिवाळ्यात दोन-तीन हाफ मॅरेथॉन करतो. "बीडच्या उन्हात माझं रनिंग बंद पडेल का रे?" एवढंच त्याने विचारलं होतं.

भाडं, दूध, भाजी, मेस यात बीड पुण्यापेक्षा स्वस्त पडतं, ते सांगायला बातमीची गरज नाही. उन्हाचं उत्तर मात्र जरा खोलात जाऊन द्यावं लागतं.

पारा ४० म्हणजे धावणं बंद?

बीड आणि पुणे, दोन्ही शहरं समुद्रसपाटीपासून साधारण ५०० ते ६०० मीटर उंचीवर आहेत. म्हणजे उंचीचा फारसा फरक नाही. फरक आहे तो उन्हाळ्यात. मे महिन्यात बीडचा दुपारचा पारा ४० अंशांच्या पुढे जातो आणि रात्रही पुण्याइतकी निवत नाही. पण दुपारी दोनला कोण धावतं? धावणाऱ्याने बघायचं ते पहाटे पाचचं तापमान आणि त्या वेळचा दवबिंदू.

दवबिंदू म्हणजे हवा ज्या तापमानाला थंड केली की तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं, ते तापमान. तो जितका कमी, तितकी हवा कोरडी आणि घाम तितका पटकन वाळतो. घाम वाळतानाच अंग थंड होतं. नुसता टपटप गळलेला घाम काही कामाचा नाही. एक उदाहरण घ्या. किनारपट्टीवर पहाटे २७ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर दवबिंदू २३ च्या आसपास येतो. मराठवाड्यात उन्हाळ्याच्या पहाटे २६ अंश आणि आर्द्रता ४० टक्के असेल, तर तो ११ च्या जवळ येतो. थर्मामीटरवर एका अंशाचा फरक, पण पळताना दोन वेगळे ऋतू वाटावेत. म्हणून 'उबदार शहर' म्हणून गोव्याकडे डोळे लावून बसलेल्यांनी आधी हा आकडा बघावा. मोबाइलमधल्या बहुतेक हवामान ॲपमध्ये तो दिसतो.

कोरड्या हवेची एक गोम आहे. घाम दिसतच नाही, त्यामुळे पाणी किती गेलं ते कळत नाही. धावण्याआधी आणि नंतर वजन करा. एक किलो कमी भरलं, तर साधारण एक लिटर पाणी गेलं असं समजा. दुसरं म्हणजे, शरीराला उन्हाची सवय व्हायला साधारण १० ते १४ दिवस लागतात. या काळात रक्तातला द्रव वाढतो आणि घाम लवकर सुटू लागतो. तोपर्यंत घड्याळातला पेस विसरायचा आणि बोलता येईल इतक्याच गतीने पळायचं. पळताना कुणी असंबद्ध बोलायला लागलं किंवा तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात समजावा. सावलीत घेऊन अंगावर भरपूर पाणी ओता आणि १०८ ला फोन करा.

ऊन नाही, शिफ्ट आडवी येते

माझ्या मते खरा निकाल इथे लागतो. मे महिन्यात बीडला सूर्य सहाच्या थोडं आधी उगवतो. धावायला सोयीची वेळ साडेचार ते साडेसहा.

भारतीय वेळेची ड्युटी असेल तर प्रश्नच नाही, रात्री साडेनऊला झोपा. ब्रिटनच्या क्लायंटसोबत काम असेल, तर उन्हाळ्यात त्यांचे नऊ ते साडेपाच म्हणजे आपले दुपारी दीड ते रात्री दहा. झोप थोडी कमी पडेल, पण सकाळ मोकळी असल्याने भरून काढता येते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची शिफ्ट मात्र संध्याकाळी साडेसहा ते रात्री अडीच. तीनला झोपून दहाला उठाल तेव्हा बाहेर रस्ता तापलेला. संध्याकाळी लॉगिनच्या आधी पळू म्हणाल, तर साडेपाचलाही डांबर गरमच. अशांनी उन्हाळ्यापुरती ट्रेडमिलची सोय बघावी, नाहीतर सरळ पुण्यात राहावं. मित्राची शिफ्ट ब्रिटनची आहे, त्यामुळे तो वाचला.

पळायचं कुठे?

बीडला रनिंग क्लब शोधत बसू नका, पहाटे मैदानावर जा. भरतीची पोरं आणि पोरी तिथे आधीच असतात. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर आणि दोघांनाही १०० मीटर पळावं लागतं. त्यामुळे जिल्ह्यात तालुक्या-तालुक्याला ही गर्दी दिसते. सोबत मिळते, विशेषतः मुलींसाठी अंधारात एकटीने रस्त्यावर जाण्यापेक्षा हे मैदान बरं. त्यांच्यासोबत इंटरव्हल मारून बघा, पुण्याचा पेस किती खरा होता ते कळेल.

लांब पळायचं तर पालीच्या बिंदुसरा धरणाकडचा भाग आहे, पण तिकडे जाताना सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्ग ५२ टाळावा. ट्रक थांबत नाहीत. साखर कारखाने सुरू असताना माजलगाव, केज, अंबाजोगाईच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात, बऱ्याचदा मागे दिवा नसतो. रिफ्लेक्टरचं जॅकेट घालाच. आणि कुत्री. त्याला उपाय नाही, काठी घेऊन पळणारे मी पाहिलेत.

चढ-उतार हवे असतील तर मी बीड शहरापेक्षा अंबाजोगाई सुचवेन. बालाघाटाच्या डोंगरावर वसलेलं गाव, मुकुंदराजांच्या समाधीकडे उतरणारा रस्ता आणि गावातच स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. गुडघा दुखावला तर लांब जावं लागत नाही.

राहिला प्रश्न दर्जाचा. अविनाश साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने जुलै २०२४ मध्ये पॅरिस डायमंड लीगला ८ मिनिटं ०९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि त्याच वर्षी ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत ११ वा आला. हेही खरं की सरावासाठी तो उटी आणि अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ससारख्या उंच, थंड ठिकाणी गेला. पण हाफ मॅरेथॉन दोन तासांच्या आत आणायची असणाऱ्याला उटीची गरज नाही.

घर बघताना विचारायचे प्रश्न

पाण्याचा प्रश्न सर्वांत आधी. उन्हाळ्यात नळाला किती दिवसांआड पाणी येतं, टाकी किती मोठी, बोअर आटतो का, टँकरला काय पडतं? धावणाऱ्याला दिवसातून दोनदा अंघोळ आणि रोजचे घामेजलेले कपडे असतात, हे घरमालकाला आधीच सांगितलेलं बरं. मग इंटरनेट. एक फायबर आणि दुसऱ्या कंपनीचं सिम, दोन्ही हवंच. इन्व्हर्टरवर राउटर आणि लॅपटॉप किती तास चालतो ते प्लग काढून बघा, दुकानदाराच्या बोलण्यावर जाऊ नका. घर शक्यतो वरच्या मजल्यावर नको. स्लॅब तापला की रात्री झोप लागत नाही आणि झोप नाही तर पहाट गेली. ही सगळी रक्कम भाड्यातल्या बचतीतून वजा करा.

ऑफिसला महिन्यातून एकदा जायचं असेल तर एसटी आणि ट्रॅव्हल्स आहेतच. अहिल्यानगर-बीड रेल्वे १७ सप्टेंबर २०२५ ला सुरू झाली, पण पुण्यासाठी अजून रस्ताच जवळचा वाटतो. सतत विमानाने फिरावं लागत असेल, तर मात्र छत्रपती संभाजीनगर बरं. तिथे विमानतळ आहे, हवा बीडसारखीच आणि पुण्यापेक्षा खर्च कमी.

आमच्या जिल्ह्यातून दिवाळीनंतर लाखो लोक ऊसतोडीला बाहेर जातात. लॅपटॉप घेऊन कामासकट परत येणारे त्या मानाने मूठभर, पण आता दिसू लागलेत.

एक गोष्ट मी मित्राला ठासून सांगितली. घर बघायला डिसेंबरात जाऊ नकोस. तेव्हा पहाटेची थंडी असते, सगळीच गावं राहण्यासारखी वाटतात. मे महिन्यात पंधरा दिवस जा, पूर्ण शिफ्ट कर, रोज पाचला मैदानावर पोच. दहाव्या दिवसानंतरही पाय आणि नेट दोन्ही चालू असतील, तर पुण्याच्या घरमालकाला नोटीस दे.

त्याने १ मेपासूनचे पंधरा दिवस ठरवलेत. आईला फक्त सुट्टीला येतोय एवढंच सांगितलंय.