अरण्यातील माणसे आणि नगरातला वाद्यमेळ

चित्रगृहाचा परवाना टिकवायचा असेल तर मुख्य चित्रपटापूर्वी सरकारमान्य माहितीपट दाखविलाच पाहिजे, ही अट स्वातंत्र्यानंतर देशभर लागू होती. ज्या फिल्म्स डिव्हिजनची स्थापना 1948 साली मुंबईत झाली, त्या खात्याचे धरणांवरचे, शेतीवरचे आणि आदिवासींवरचे माहितीपट या अटीमुळेच तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले. हिंगोली हे त्याच वर्षीच्या सप्टेंबरात निजामाच्या अमलातून मुक्त झालेले परभणी जिल्ह्यातले तालुक्याचे ठिकाण होते. स्वतंत्र जिल्ह्याचा मान त्याला 1 मे 1999 रोजी लाभला. कळमनुरी आणि औंढा नागनाथ या तहसिलींच्या डोंगराळ पट्ट्यात आंध या आदिवासी जमातीची जुनी वस्ती आहे, आणि दंडार या समूहनृत्याच्या ठेक्याची ओळख इथल्या माणसाला कोणी पडद्यावर करून देण्याची गरज नाही. अशा माणसाने आदिवासींवरचा त्या काळातला एखादा माहितीपट पाहिला, तर त्याला एक गोष्ट खटकल्याशिवाय राहणार नाही: पडद्यावर पाय नाचतात ते रानातल्या मातीवर, आणि कानी येतो तो सतार, बासरी व व्हायोलिन यांचा सुसंस्कृत, स्वरलिपीत बांधलेला मेळ.

या विसंगतीचे पहिले कारण अगदी व्यावहारिक आहे. त्या काळी चित्रासोबत जागेवरच ध्वनी मुद्रित करायचा म्हणजे अवजड यंत्रे, विजेची सोय आणि ती वाहून नेणारी मोटार हवी. जिथे बैलगाडीही कष्टाने पोहोचे तिथे हा सरंजाम नेणार कोण? म्हणून चित्रीकरण मुके होई. हातातल्या चावीच्या कॅमेऱ्याला एकदा चावी दिली की जेमतेम अर्धा मिनिट फीत फिरे, त्यामुळे रात्रभर चालणाऱ्या नृत्याचे तुकडे तुकडेच हाती लागत. ते तुकडे शहरात जोडले जात, त्यांवर निवेदकाचा भारदस्त आवाज चढविला जाई, आणि मग संगीतकार सेकंदांचा हिशेब करीत वाद्यवृंदाकडून असा ठेका वाजवून घेई की, ज्याने मूळ ढोल कधी ऐकलाच नाही त्या प्रेक्षकाला पाय तालावरच पडत आहेत असे वाटावे.

पण तो वाद्यमेळ आला कुठून? माझ्या मते त्याचे कुलवृत्त सरकारी दप्तरात नव्हे, नर्तक उदय शंकरांच्या नृत्यमंडळीत शोधावे लागेल. भारतीय रागसंगीत हे मुख्यतः एकट्या गायका-वादकाचे; अनेक देशी वाद्यांनी मिळून दृश्याला साथ करायची ही रीत त्या मंडळीने रुजविली आणि युरोप-अमेरिकेच्या रंगमंचांवर गाजविली. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य विष्णुदास शिराळी हे त्या मंडळीचे संगीतकार. 1948 सालच्या ‘कल्पना’ चित्रपटाचे संगीत त्यांचेच, आणि पुढे फिल्म्स डिव्हिजनच्या संगीताची धुराही त्यांनी वाहिली. त्यांच्यानंतर त्या खात्यात दीर्घकाळ काम केलेले बासरीवादक विजय राघव राव हेही त्याच मंडळीतून आलेले आणि रवि शंकरांचे शिष्य. स्वतः रवि शंकर तर थोरल्या भावाच्या या मंडळीत बालपणीच दाखल झालेले. नृत्यनाट्यासाठी सिद्ध झालेली ही नादसृष्टी मग धरणावरही वाजली आणि अरण्यावरही.

या परंपरेचे आपल्या शेजारचे उदाहरण बस्तरचे आहे. ऑस्कर मिळविलेल्या पहिल्या स्वीडिश चित्रपटाचे कर्ते आर्ने सुक्सदॉर्फ यांनी तिथल्या मुरिया आदिवासींमध्ये राहून ‘एन युंगेलसागा’ हा चित्रपट केला. 1957 साली तो प्रदर्शित झाला आणि पुढल्या वर्षी कान महोत्सवाच्या स्पर्धेत दाखविला गेला. वाघाच्या बछड्याशी खेळणारा चेंद्रू हा मुरिया मुलगा त्यामुळे दूरच्या देशांत प्रसिद्ध झाला. चित्रपटात माणसे खरी, रान खरे. कथा मात्र रचलेली, आणि संगीत रवि शंकरांचे. ज्या मुरियांच्या घोटुलावर, म्हणजे तरुण-तरुणींच्या युवागृहावर, आणि तिथल्या गाण्यांवर व्हेरियर एल्विन यांनी 1947 साली एक भलामोठा ग्रंथ लिहिला, त्यांच्या भावना जगापुढे मांडण्यासाठी मैहर घराण्याच्या सतारियाला पाचारण करावे लागले, हे विलक्षणच म्हटले पाहिजे.

हा केवळ आपल्याकडचा प्रकार होता असेही नाही. ऑस्ट्रेलियाच्या जॉन अँटिलने लहानपणी सिडनीजवळ ऐकलेल्या आदिवासी नृत्यगीतांच्या आठवणींवर ‘कोरोबोरी’ हे वाद्यवृंदासाठीचे नृत्यनाट्य रचले आणि 1946 साली त्यातील भाग प्रथम वाजविले गेले. त्याने निदान दोरीला बांधून गरगर फिरविण्याची, घोंघावणारी लाकडी पट्टी तरी पाश्चात्त्य वाद्यांच्या पंक्तीला बसविली. याउलट निजाम सरकारचे आदिवासीविषयक सल्लागार फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी आदिलाबादच्या गोंडांसारख्या जमातींची जी चित्रणे त्या दशकात केली, ती मूक होती. मला ती अधिक प्रामाणिक वाटतात; पण किकरी आणि पेपरे या तिथल्या वाद्यांचा नाद त्यांतही नाही, हेही खरेच.

शिराळींच्या वा रवि शंकरांच्या रचनांना यामुळे उणेपणा येत नाही. रचना म्हणून त्यांचे मोल स्वतंत्र आहे. फक्त आदिवासींच्या संगीताचा पुरावा म्हणून त्या कोणी दाखल करू नयेत. आज खिशातल्या फोनवर चित्र आणि ध्वनी एकाच वेळी उतरतात, तेव्हा कळमनुरी-औंढ्याकडील शिक्षकांनी आणि महाविद्यालयांनी आपल्या भागातील दंडार, तुकडे न पाडता, वादकांच्या आणि गावाच्या नावांसह पूर्णपणे मुद्रित करून ठेवावी.