संशोधन पारितोषिके, विद्यार्थ्यांची (अर्थ व समाजविषयक)

महाविद्यालयात किंवा विद्यापीठात शिकत असलेल्या व्यक्तीने आर्थिक अथवा सामाजिक प्रश्नावर स्वतंत्रपणे लिहिलेल्या निबंधाला, प्रबंधाला किंवा पाहणी-अहवालाला स्पर्धेने दिले जाणारे पदक, रोख रक्कम अथवा अभ्यासवृत्ती म्हणजे विद्यार्थी संशोधन पारितोषिक होय. परीक्षेतील गुणानुक्रमावरून दिली जाणारी पदके यांहून वेगळी मानावी लागतात. परीक्षेत ज्ञात असलेले ज्ञान तपासले जाते. संशोधन पारितोषिकात पुरावा गोळा करून त्यातून काढलेल्या निष्कर्षाची पारख होते. ज्या प्रश्नांत दात्याचे, शासनाचे किंवा समाजातील वरिष्ठ वर्गाचे हितसंबंध गुंतलेले असतात, अशाच प्रश्नांशी अर्थशास्त्र व समाजशास्त्र यांचा नित्य संबंध येतो. त्यामुळे या क्षेत्रातील पारितोषिकाचे खरे मोल त्याच्या रकमेवरून ठरत नाही. दात्याला न रुचणारा निष्कर्ष मांडण्याची मोकळीक विद्यार्थ्याला कितपत मिळते, यावरून ते ठरते. मुंबईतील या परंपरेचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

पूर्वपीठिका : निबंधस्पर्धेची प्रथा यूरोपातील विद्वत्सभांनी रूढ केली. विषय जाहीर करावयाचा, निबंधावर लेखकाच्या नावाऐवजी एखादे बोधवचन घालावयाचे व नाव वेगळ्या मोहरबंद पाकिटात ठेवावयाचे, अशी तिची सर्वसाधारण रीत होती. फ्रान्समधील दीझाँ येथील विद्वत्सभेने १७५० मध्ये रूसोच्या निबंधास पारितोषिक दिले. कला व विज्ञाने यांच्या उन्नतीने नीतिमत्ता शुद्ध झाली काय, असा तो प्रश्न होता आणि रूसोने त्याचे नकारार्थी उत्तर दिले होते. १७८५ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध गुलाम करणे न्याय्य आहे काय, या विषयावर लॅटिन निबंध मागविले. त्या स्पर्धेत पहिला आलेला विद्यार्थी टॉमस क्लार्कसन याने पुढे आपले आयुष्य गुलामांच्या व्यापाराविरुद्धच्या चळवळीला वाहिले. विद्यार्थ्याने पारितोषिकासाठी जमविलेली माहिती समाजाच्या सदसद्विवेकाला जागी करू शकते, याचे हे ठळक उदाहरण होय.

मुंबईतील आरंभ : मुंबईत विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वीच (१८५७) ही प्रथा पोहोचली होती. कच्छ-काठेवाडातील राजपुतांमध्ये आढळणाऱ्या बालकन्याहत्येवर मुंबई सरकारने निबंध मागविले. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकून तेथेच अध्यापन करू लागलेले भाऊ दाजी लाड यांच्या निबंधाला ६०० रुपयांचे पारितोषिक मिळाले व तो १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतही ते होते. या स्पर्धेतील प्रश्न सरकारने घातलेला होता आणि अपेक्षित नैतिक निर्णयही त्यात गृहीत धरलेला होता. तरीही एका तरुण एतद्देशीयाने एका सामाजिक रूढीची कारणमीमांसा इंग्रजीत ग्रथित करावी व ती ग्रंथरूपाने छापली जावी, ही त्या काळी नवी गोष्ट होती.

१८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी व प्राध्यापकांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ ही संस्था स्थापन केली. तिच्या सभांत विद्यार्थी निबंध वाचीत आणि त्यांवर चर्चा होई. येथे पारितोषिकाचे आमिष नव्हते. श्रोत्यांचे प्रश्न हीच कसोटी होती. या चर्चांतून १८४९ मध्ये मुलींच्या शाळा निघाल्या. त्यांपैकी मराठी शाळेला जगन्नाथ शंकरशेट यांनी गिरगावातील आपल्या आवारात जागा दिली. संस्थेच्या मराठी शाखेचे मराठी ज्ञानप्रसारक हे मासिक १८५० पासून १८६७ पर्यंत चालले. निबंधात मांडलेला विचार कृतीत उतरविण्याचा आणि तो मातृभाषेत वाचकांपर्यंत नेण्याचा पायंडा या संस्थेने पाडला.

दक्षिणा निधी : पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना दिल्या जाणाऱ्या दक्षिणेची रक्कम इंग्रजी अमलातही काही काळ चालू होती. तिचा काही भाग मराठी ग्रंथनिर्मितीकडे वळवावा, असा अर्ज पुण्यातील सुधारकांनी १८४९ मध्ये केला. त्यावर सनातनी मंडळींनी मोठा गदारोळ उठविला. परंतु लवकरच दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात येऊन मराठी ग्रंथांना पारितोषिके मिळू लागली. पुढे याच निधीतून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना व पदवीधरांना दक्षिणा अभ्यासवृत्ती देण्यात आल्या. जन्माधिष्ठित मानाचे गुणाधिष्ठित पारितोषिकात झालेले हे रूपांतर महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासातील महत्त्वाची घटना होय.

मुंबई विद्यापीठाकडे दानशूर व्यक्तींनी निधी सुपूर्द केले व त्यांच्या व्याजातून पदके व पारितोषिके दिली जाऊ लागली. माणकजी लिमजी सुवर्णपदक व होमजी करसेटजी दादी पारितोषिक ही जाहीर केलेल्या विषयावरील निबंधांसाठी होती. विद्यार्थी संशोधनाला स्थायी उत्पन्नाचा आधार या देणग्यांनी दिला. मात्र विषयाची निवड विद्यापीठाकडेच राहिली.

निष्कर्षाचे स्वातंत्र्य : या विषयातील मूलभूत प्रश्न महादेव गोविंद रानडे यांच्या विद्यार्थिदशेतील एका प्रसंगाने स्पष्ट होतो. एल्फिन्स्टन महाविद्यालयात असताना त्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्यकारभाराची तुलना इंग्रजी राज्याशी केली व ती इंग्रजांना फारशी अनुकूल नव्हती. प्राचार्य अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची कानउघाडणी केली आणि त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद ठेवली, असे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. ग्रँट हे विद्यार्थ्यांविषयी आस्था बाळगणारे व रानड्यांची योग्यता जाणणारे शिक्षक होते, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावयास हवी. सज्जन दात्यालाही प्रतिकूल निष्कर्ष सोसत नाही, हाच त्या प्रसंगाचा बोध आहे. रानड्यांनी आपला विषय सोडला नाही. हिंदी अर्थशास्त्रावरील १८९२ चे त्यांचे व्याख्यान व १९०० मध्ये प्रसिद्ध झालेला मराठी सत्तेच्या उदयावरील ग्रंथ यांत तीच चिकित्सा प्रौढ रूपात आढळते.

भीमराव रामजी आंबेडकर यांचे उदाहरणही असेच बोलके आहे. परळ येथील इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहून त्यांनी एल्फिन्स्टनमधून १९१२ मध्ये बी. ए. ची परीक्षा दिली. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे ९ मे १९१६ रोजी एका परिसंवादात त्यांनी भारतातील जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांच्या लंडनमधील प्रबंधाची मांडणी परीक्षकांच्या सूचनेवरून त्यांना पुन्हा करावी लागली. निष्कर्ष न बदलता त्यांनी ती केली व १९२३ मध्ये डी. एस्‌सी. पदवी मिळविली. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील आपला १९२५ चा ग्रंथ त्यांनी सयाजीरावांना अर्पण केला. शिष्यवृत्तीच्या करारान्वये नोकरीची अट होती. परंतु काय लिहावे यावर निर्बंध नव्हता. आदर्श दातृत्वाचे हे गमक होय.

विद्यापीठीय संशोधनाची घडण : मुंबई विद्यापीठाने १९१९ मध्ये अर्थशास्त्र व समाजशास्त्र यांचा पदव्युत्तर विभाग सुरू केला. समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडीस हे नगररचनाकार होते. प्रत्यक्ष वस्तीत हिंडून निरीक्षण करण्यावर त्यांचा भर असे. १९२४ पासून गो. स. घुर्ये यांनी समाजशास्त्राची धुरा सांभाळली, अर्थशास्त्रात के. टी. शाह व त्यांच्यानंतर चं. न. वकील यांनी संशोधनास वळण लावले. परीक्षेऐवजी प्रबंध लिहून एम. ए. होण्याची येथील सोय ही विद्यार्थी संशोधनाला मिळालेली मोठी चालना होती.

इरावती कर्वे यांनी दक्षिणा अभ्यासवृत्ती मिळवून घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहिला व १९२८ मध्ये एम. ए. पदवी घेतली. ज्या निधीचा लाभ एके काळी केवळ ब्राह्मण पुरुषांना होत असे, त्यातूनच एका स्त्रीने त्या समाजाची चिकित्सक पाहणी करावी, हा काळाचा महिमा होय. त्यानंतर बर्लिन येथे मानवी कवटीच्या असममितीवर केलेल्या संशोधनात त्यांनी आपले मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांच्या वंशविषयक गृहीतकाला पुष्टी न देणारा निष्कर्ष मांडला. म्है. ना. श्रीनिवास यांचा म्हैसूरमधील विवाह व कुटुंबसंस्था यांवरील ग्रंथ (१९४२) आणि अ. र. देसाई यांचा भारतीय राष्ट्रवादाच्या सामाजिक पार्श्वभूमीवरील ग्रंथ (१९४८) हेही याच विभागातील विद्यार्थी संशोधनाचे फळ आहे.

गिरणगाव या शहरातील संशोधकाला जवळचे अभ्यासक्षेत्र होते. मुंबई सरकारचे कामगार कार्यालय १९२१ मध्ये स्थापन झाले आणि त्याने कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. घरभाडे, धान्य, कर्ज व व्याज यांचे आकडे त्यामुळे अभ्यासकांना उपलब्ध झाले. जी. आर. प्रधान यांचा मुंबईतील अस्पृश्य कामगारांवरील ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याला आंबेडकरांची प्रस्तावना आहे. सरसकट ‘कामगार’ या सदराखाली झाकली जाणारी जातीय विषमता अशा अभ्यासांमुळे दृष्टोत्पत्तीस आली.

विद्यमान पारितोषिके : कुलपती या नात्याने राज्यपालांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात २००६ मध्ये ‘आविष्कार’ हा आंतरविद्यापीठीय संशोधन महोत्सव सुरू झाला. त्यात सहा विषयगट आहेत. सामाजिक विषयांवरील प्रकल्प मुख्यत्वे मानव्यविद्या, भाषा व ललितकला या गटात, तर व्यापार व वित्त यांवरील प्रकल्प वाणिज्य, व्यवस्थापन व विधी या गटात सादर होतात. पदवी, पदव्युत्तर व त्यापुढील संशोधन अशा स्तरांवर स्वतंत्र स्पर्धा होते. प्रथम फलकाद्वारे व नंतर तोंडी मांडणीद्वारे पारख केली जाते. पदवीच्या विद्यार्थ्यालाही संशोधक मानणे हे या उपक्रमाचे वैशिष्ट्य होय. मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय निर्यात-आयात बँकेने (एक्झिम बँक) १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्रातील भारतीय नागरिकांच्या पीएच. डी. प्रबंधांसाठी वार्षिक पारितोषिक सुरू केले.

एखाद्याच देशाच्या अभ्यासाला वाहिलेली पारितोषिकेही आढळतात. क्यूबाच्या अर्थव्यवस्थेच्या अभ्यासासाठी १९९० मध्ये अमेरिकेत स्थापन झालेली विद्वत्संस्था क्यूबाविषयक आर्थिक व सामाजिक निबंधांसाठी विद्यार्थ्यांची स्पर्धा घेते. तीत पदवीपूर्व व पदव्युत्तर असे गट असून पारितोषिकाला अर्थतज्ज्ञ होर्हे पेरेझ-लोपेझ यांचे नाव देण्यात आले आहे. मायभूमीपासून दुरावलेल्या अभ्यासकांनी पुढील पिढीला त्या भूमीच्या अभ्यासाकडे वळविण्याचा हा प्रयत्न आहे. विषयाच्या मर्यादेत राहून कोणताही निष्कर्ष काढण्याची मुभा स्पर्धकाला मिळते की नाही, हाच प्रश्न अशा पारितोषिकांबाबतही कळीचा ठरतो.

मूल्यमापन व समस्या : उत्तम निबंधाची लक्षणे सामान्यतः अशी मानली जातात : प्रश्न नेमका असणे, माहिती कोठून व कशी मिळविली ते सांगणे, आकडेवारीच्या मर्यादा नमूद करणे, प्रतिकूल पुरावा न दडविणे, आणि निष्कर्ष पुराव्याच्या पलीकडे न ताणणे. लालबाग किंवा परळ येथील एखाद्या चाळीतील पंचवीस बिऱ्हाडांची काळजीपूर्वक केलेली पाहणी ही साऱ्या शहराविषयीच्या ढोबळ विधानांहून अधिक मोलाची ठरते. तथापि तिच्यावरून साऱ्या शहराविषयी अनुमान काढणे गैर होय. ज्यांची पाहणी केली, त्यांची संमती घेणे व त्यांची ओळख गुप्त राखणे हेही संशोधकाचे कर्तव्य आहे. वाङ्‌मयचौर्याला आळा घालण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये विनियम जारी केले. त्यांत साम्याच्या प्रमाणानुसार कारवाईचे टप्पे ठरविलेले आहेत. परंतु शब्दांचे साम्य यंत्राने मोजता येते. उसना घेतलेला प्रश्न व आधीच ठरविलेला निष्कर्ष ओळखण्यास जाणकार परीक्षकच लागतो.

अल्पावधीच्या मांडणीवर निर्णय द्यावयाचा असल्याने आकर्षक फलक व सफाईदार बोलणे यांना अवाजवी महत्त्व येण्याचा धोका असतो. दीर्घकाळ क्षेत्रकार्य करणारा, परंतु इंग्रजीत अडखळणारा विद्यार्थी त्यामुळे मागे पडू शकतो. दुसरी अडचण ज्ञानाच्या परतफेडीची आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या व सुमारे अडीच लाख कामगारांनी भाग घेतलेल्या गिरणी संपावरील एक सविस्तर अभ्यास डच संशोधक एच. व्हान वर्श यांनी केला. तो १९९२ मध्ये इंग्रजीत ग्रंथरूपाने आला. गिरण्यांच्या जागी आज उंच इमारती उभ्या आहेत. जी कुटुंबे या स्थित्यंतरातून गेली, त्यांच्याविषयीचे बहुतेक विद्यापीठीय संशोधन त्यांना सहज वाचता येणार नाही अशा भाषेत पडून आहे. पारितोषिकपात्र निबंधाचा मराठी सारांश अनिवार्य करणे आणि तो संबंधित वस्तीतील वाचनालयात ठेवणे हा यावरील अल्पखर्चाचा उपाय होय. गिरगावातील शाळेच्या रूपाने १८४९ मध्ये निबंधवाचनाचे जे फळ समाजाला मिळाले, त्याच्याशी हे सुसंगतच ठरेल.

पारितोषिकामुळे विद्यार्थ्याला वाचक, मार्गदर्शक व आत्मविश्वास लाभतो. क्वचित आयुष्यभराचा विषयही गवसतो. मात्र संस्थेने कोणत्या निबंधाला पदक दिले, याबरोबरच न पटणाऱ्या निबंधाचे तिने काय केले, याचीही नोंद इतिहास घेत असतो. रानड्यांची सहा महिन्यांची शिष्यवृत्ती आणि आंबेडकरांना मिळालेले दरमहाचे साडेअकरा पौंड ही या परंपरेची दोन मापे होत.