नर्मदेतला बाडस

गळ टाकून मासे धरणे हा डॉक्टराला शोभणारा छंद आहे की नाही, याविषयी आमच्या इंदूरच्या मित्रमंडळीत उघड उघड दोन तट आहेत. शाकाहारी स्नेह्यांची भूतदया मला मान्य आहे; मांसाहारी स्नेह्यांचा ‘‘एवढे तास बसून घरी काय आणलेस?’’ हा प्रश्न अधिक बोचतो. आठवडाभर रडणारी बाळे आणि त्यांच्याहून अधिक घाबरलेल्या आज्या पाहिल्यावर, रविवारी पाण्यावर डुलणाऱ्या बुचाकडे नुसते पाहत बसणे हीच मला पुरेशी मिळकत वाटते.

माझी जागा बडवाहपाशी, चोरल नदी नर्मदेला मिळते त्या परिसरातली; घाटांपासून आणि परिक्रमावासीयांच्या वाटेपासून दूर. साहित्य अगदी साधे : एक छडी, रीळ आणि आमिषाला कणीक व बेसन एकत्र मळलेला गोळा. १६ जून ते १५ ऑगस्ट हा विणीचा काळ असल्याने मध्य प्रदेशात मासेमारीला बंदी असते. एरवी या आमिषाला रोहू किंवा एखादा चुकार शिंगटा लागतो. त्याहून मोठी अपेक्षा मी कधी केली नाही.

एका डिसेंबरातल्या सकाळी बूच न डुलता एकदम दिसेनासेच झाले. रीळ करकरू लागले आणि दोरी थेट मुख्य प्रवाहाकडे धावली. रोहू जोर करतो, पण असा प्रवाहाच्या दिशेने सुसाट सुटत नाही. दहा-बारा मिनिटे मी देत होतो आणि घेत होतो. अखेर उथळ पाण्यात मासा आडवा झाला, तेव्हा शेजारचा वृद्ध नावाडी उठून उभा राहिला. ‘‘साब, ये तो बाडस है!’’

बाडस म्हणजे नर्मदेचा महासीर, शास्त्रीय नाव ‘टॉर टॉर’. २०११ मध्ये मध्य प्रदेशाने त्याला ‘राज्य मत्स्य’ म्हणून घोषित केले. आमचा पाहुणा दीड किलोच्या आतबाहेरचा, म्हणजे या कुळाच्या मानाने पोरच होता. बारशाच्या वाटीएवढे म्हणावेत असे मोठे, सोनेरी खवले, मांसल ओठ, मिशांच्या दोन जोड्या. जबड्यात एकही दात नाही. दात असतात ते घशात, आणि शिंपले फोडण्याइतके बळकट. पिशवीतल्या आर्टरी फोर्सेप्सने गळ सोडवला आणि मासा पाण्यातच धरून ठेवला. कल्ल्यांची लय पूर्ववत झाली तसा तो हातातून निसटला. नवजात बाळाचा श्वास मार्गी लागताना वाटते तसेच काहीसे वाटले.

नावाड्याला ते मुळीच पटले नाही. ‘‘आपने छोड़ दिया, नीचे कोई और पकड़ लेगा।’’ त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मी त्याला माशाची किंमत देऊ केली. ती त्याने घेतली नाही, चहा मात्र घेतला.

साठच्या दशकापर्यंतच्या पाहण्यांत नर्मदेच्या मासळीत महासीरचा वाटा चतुर्थांशाच्या आसपास होता. आज तो लागला तर नावाडी उठून उभा राहतो. या माशाला वाहते, प्राणवायूने समृद्ध पाणी आणि अंडी घालायला गोटे-वाळूचा तळ लागतो. नर्मदेवर एकामागून एक जलाशय झाले. संथ पाण्यात कटला-रोहू सुखाने राहतात, महासीर राहत नाही. ओंकारेश्वरची वीजनिर्मिती २००७ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून बडवाहचे पाणी विजेच्या मागणीप्रमाणे चढते आणि उतरते. वाळूचा उपसा आहे तो वेगळाच.

मग मत्स्यबीज सोडावे, हा उपाय सहज सुचतो. त्याला एक मराठी इतिहास आहे. लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने सत्तरच्या दशकात दख्खनी महासीरची पैदास सुरू केली, डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि ओगले यांचे ते काम खरोखर मोठे होते. त्या मत्स्यबीजाने देशभर प्रवास केला. ते कावेरीतही सोडले गेले, आणि तिथला मूळचा नारिंगी परांचा, मदार असलेला महासीर मागे हटत गेला. २०१८ मध्ये त्याची गणना ‘अतिसंकटग्रस्त’ जातींत झाली. बाहेरून आलेला हा भाऊबंद त्यामागचे एक प्रमुख कारण मानला जातो. उपचारजन्य व्याधी आपल्याला नवी नाही. हेतू शुद्ध असतानाही ती होते.

म्हणून बडवाहला वन विभागाने महासीरच्या प्रजननाचे प्रयत्न हाती घेतले, हे कळल्यावर माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो जनकांचा : बीज कोणत्या नदीच्या माशांचे? रक्त देण्यापूर्वी आपण गट पाहतो, तेवढीच ही चौकशी. नर्मदेत नर्मदेचेच पिल्लू जावे आणि चोरलसारख्या उपनद्या पावसाळ्यात तरी मोकळ्या वाहाव्यात. यांतली दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे.

तूर्त मी माझ्या सगळ्या गळांचे उलटे काटे त्याच आर्टरी फोर्सेप्सने चेपून टाकले आहेत. त्यामुळे हाती आलेले रोहूही निसटतात, हे मांसाहारी स्नेह्यांनी कृपया ध्यानात घ्यावे.