अडतीस दिवसांची शिदोरी

‘अगदी आईवर गेलीय हो!’ बारशाला पाळण्यात डोकावून असं म्हणणारी एक तरी मावशी असतेच. नाक आईचं, रंग बाबांचा, हट्ट आजीचा... बाळाचं नाव ठेवायच्या आधीच आपल्याकडे या वाटण्या पार पडलेल्या असतात!

मैत्रिणींनो, मी तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. आनुवंशिकतेचा धडा आला की वर्गातल्या मुली एकदम सावरून बसतात, कारण तो त्यांच्या घरातलाच विषय. आईकडून लेकराकडे काय जातं, आणि काय द्यायचं आईच्या हातात नसतं? इतकी वर्षं हा प्रश्न शिकवतेय, पण त्याची सगळ्यात नवलाची उत्तरं मला भेटली ती समुद्राच्या तळाशी. म्हणजे मी तिथे गेले नाही हं, मला बोट लागते! पण वाचत गेले आणि वाचलेलं वर्गात सांगत गेले. तेच आज तुम्हाला सांगते.

१९७७ सालच्या फेब्रुवारीत ‘आल्विन’ नावाची छोटी पाणबुडी प्रशांत महासागरात, गॅलापागोस बेटांच्या बाजूला सुमारे अडीच हजार मीटर खोल उतरली. आत बसलेले शास्त्रज्ञ दगडमातीचे अभ्यासक. समुद्रतळ जिथे दुभंगतो तिथे गरम पाण्याचे झरे असणार, ते त्यांना शोधायचे होते. भेगांतून समुद्राचं पाणी खाली झिरपतं, तप्त खडकानं तापतं आणि धातू नि गंधक घेऊन पुन्हा वर उसळतं. झरे सापडले. पण त्यांच्याभोवती शिंपले, खेकडे आणि लाल तुऱ्यांच्या लांबलचक नळ्या यांची अख्खी वस्ती भरलेली! सूर्याचा एक किरण जिथे पोचत नाही तिथे इतका जीव असेल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मोहिमेवर जीवशास्त्रज्ञ एकही नव्हता. प्राणी टिकवायला पुरेसं फॉर्मालिनही नव्हतं, म्हणून काही प्राणी पनामात घेतलेल्या रशियन व्होडकात बुडवून ठेवले. घरात चिंच संपली की आपण आमसूल टाकतो, तसंच!

दोन वर्षांनी, १९७९ मध्ये, मेक्सिकोजवळच्या समुद्रात काळा धूर ओकणाऱ्या धुराड्यांसारखे झरे सापडले. पाणी साडेतीनशे अंशांहून गरम, तरी उकळत नाही, कारण डोक्यावर अडीच किलोमीटर पाण्याचा दाब. प्राणी राहतात ते या धुराड्यात नव्हे, आजूबाजूच्या कोमट पाण्यात.

त्या लाल तुऱ्याच्या प्राण्याचं नाव रिफ्टिया. हा एक किडा, पण साडेसहा फुटांपर्यंत वाढतो. आपल्या घराच्या दाराएवढा म्हणा ना! आणि गंमत म्हणजे त्याला तोंड नाही, पोट नाही, आतडं नाही. मग हा जेवतो कसा?

१९८० साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात मेरेडिथ जोन्स नावाचे तज्ज्ञ या किड्यावर व्याख्यान देत होते. किड्याच्या शरीरात गंधकाचे स्फटिक सापडतात, असं ते बोलता बोलता म्हणाले. तेव्हा पहिल्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी उठून उभी राहिली. कॉलिन कॅव्हॅनॉ तिचं नाव. याच्या अंगात गंधकावर जगणारे जिवाणू असणार आणि तेच याला पोसत असणार, असं तिनं भर सभेत सांगितलं. पुढच्याच वर्षी तिनं ते संशोधनातून दाखवूनही दिलं. झाडं सूर्यप्रकाशाच्या जोरावर अन्न तयार करतात, तसे हे जिवाणू गंधकाच्या वायूच्या जोरावर करतात. कुजक्या अंड्याच्या वासाचा तो वायू, आपल्याला विषारी. किड्याचा लाल तुरा म्हणजे रक्तच. तो तुरा प्राणवायू आणि हा विषारी वायू दोन्ही शोषून आत नेतो. आत जिवाणूंची चूल सदैव पेटलेली. आमच्या वर्गात हा भाग सांगितला की मागच्या बाकावरच्या मुलीही मान वर करतात. प्रश्न विचारायला ज्येष्ठता लागत नाही, हे त्यांना कुणीतरी सांगायलाच हवं असतं.

आता आईच्या प्रश्नाकडे येऊ. जेवणासाठी ज्याला जिवाणूच लागतात, त्याच्या पिल्लाला ते मिळतात कुठून? त्या एकाच तळावर दोन आया राहतात, आणि दोघींची रीत अगदी वेगळी.

पहिली आई म्हणजे तिथली मोठी पांढरी शिंपली. आपल्या कोकणातल्या तिसऱ्यांची लांबची नातलग, पण वीतभर मोठी. ती आपले जिवाणू अंड्यातच भरून देते. पिल्लू जन्माला येतं ते चूलभांडी घेऊनच! वडिलांकडून जिवाणू येत नाहीत. मुलाला ते आईकडून मिळतात, पण तो ते पुढे देऊ शकत नाही. म्हणजे हा वारसा आई-लेक-नात असाच चालतो. या जिवाणूला शास्त्रज्ञांनी नाव दिलंय रुथिया, प्राध्यापिका रूथ टर्नर यांच्या स्मरणार्थ. १९७१ मध्ये ‘आल्विन’मधून खोल समुद्रात उतरलेल्या त्या पहिल्या स्त्री-शास्त्रज्ञ.

पण या सुरक्षित वारशाची एक किंमत आहे. २००७ मध्ये रुथियाचा सगळा जनुकसंच वाचला गेला. तो निघाला सुमारे बारा लाख अक्षरांचा. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जिवाणूचा असतो सेहेचाळीस लाखांच्या आसपास. मग बाकीची पानं गेली कुठे? आजीच्या पाककृतींची वही डोळ्यांसमोर आणा. आई तिची नक्कल करते, लेक आईच्या वहीची. जो पदार्थ घरात कधी होतच नाही त्याची कृती उतरवताना एखादी ओळ गळली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. पुढे ते पानच गळतं. शेजारणीकडून ती कृती परत मिळाली असती, पण हे जिवाणू पिढ्यान्‌पिढ्या शिंपलीच्या पेशीत बंद, शेजार कुठला? शिंपलीच्या या जिवाणूंमध्ये तर एका पेशीच्या दोन होण्यासाठी बहुतेक जिवाणूंना लागणारं महत्त्वाचं जनुकसुद्धा उरलेलं नाही. बाहेर एकट्यानं राहणं आता त्यांना जमेलसं दिसत नाही. क्वचित एखाद्या वेळी बाहेरचे जिवाणू आत आल्याच्या खुणाही शिंपल्यांच्या काही जातींत सापडल्यात, म्हणजे दार अगदीच चिणलेलं नाही.

दुसरी आई रिफ्टिया. ती पिल्लाला जिवाणू देतच नाही. देते ती फक्त अंड्यातल्या बलकाची शिदोरी. एवढ्याशा पिल्लाला ती सरासरी अडतीस दिवस पुरते, असा हिशोब २००१ मध्ये शास्त्रज्ञांनी मांडला. तेवढ्या दिवसांत त्यानं अंधारात प्रवाहाबरोबर वाहत जाऊन एखादा झरा गाठायचा आणि तिथे बूड टेकायचं. मग तिथल्या पाण्यातले योग्य जिवाणू त्याच्या कातडीतून आत शिरतात. त्यांची आत सोय लागली की बाहेरून येणाऱ्यांना दार बंद होतं. २००६ मध्ये हे उलगडलं. या जिवाणूंचा जनुकसंच मात्र भरगच्च, तीस लाख अक्षरांहून मोठा, कारण त्यांना बाहेरच्या जगातही दिवस काढायचे असतात. आणि किडा मेला की ते त्याच्या शरीरातून जिवंत बाहेर पडून पुन्हा समुद्रात मिसळतात.

एकदा वर्गात एका मुलीनं विचारलं, ‘मॅडम, यातली चांगली आई कुठली?’ मी म्हटलं, दोघीही टिकल्यात ना लाखो वर्षं, मग निवाडा करणारी मी कोण! एकीनं सगळं बांधून दिलं, पण त्या बांधलेल्याची वाढ खुंटली. दुसरीनं पिल्लाला मोकळं सोडलं. तिची असंख्य पिल्लं वाटेतच संपतात, पण जे पोचतं त्याला त्या झऱ्याला साजेसा जोडीदार मिळतो.

त्याच आठवड्यात एका विद्यार्थिनीची आई भेटायला आली होती. मुलीला बारावीनंतर पुण्याला पाठवावं की इथेच ठेवावं, या काळजीत. खाणावळ, खोली, कोण भेटेल कुणास ठाऊक. मुलगी घरी जाऊन किड्याची गोष्ट सांगून बसलेली! ती माउली मला म्हणाली, ‘मॅडम, तुमच्या किड्याचं बरंय, त्याला खोलीचं भाडं नाही.’ हसलो दोघी. तिच्या घरात अजून काही ठरलेलं नाही, आणि मीही सल्ला दिला नाही. एवढंच विचारलं, की शिदोरी किती दिवसांची बांधता येईल, आणि तेवढ्यात ती कुठवर पोचेल, याचा हिशोब करून पाहिलात का?

ही शिंपलीची गोष्ट परकी वाटत असेल तर एक सांगते. तुमच्या-माझ्या पेशीपेशीत तीच घडलेली आहे. आपल्या पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, या कोणे एके काळी मोकळे जिवाणू होत्या. १९६७ मध्ये लिन मार्गुलिस यांनी हे ठामपणे मांडलं तेव्हा अनेक नियतकालिकांनी त्यांचा लेख परत पाठवला होता. आज तेच पाठ्यपुस्तकात आहे. दीड अब्जाहून अधिक वर्षं आत राहून आपल्या तंतुकणिकांच्या वहीत आता उरलीत जेमतेम १६,५६९ अक्षरं आणि सदतीस जनुकं. आणि ती येतात आईकडूनच. माझ्यातल्या तंतुकणिका माझ्या आईच्या, तिच्या आईच्या, आणि त्यामागच्या अगणित आज्यांच्या. सातबाऱ्यावर बाईचं नाव लागो न लागो, ही नोंद कुणाला खोडता आलेली नाही!

पण ही सगळी गोष्ट ज्या झऱ्यांवर उभी आहे, ते झरे कायमचे नसतात. १९९१ च्या एप्रिलमध्ये रेचल हेमन यांच्या पथकानं पूर्व प्रशांत महासागरात ताज्या लाव्ह्याखाली होरपळलेली किड्यांची वसाहत पाहिली. तीच जागा १९९३ च्या डिसेंबरात पुन्हा भरलेली होती, दीड मीटरच्या नळ्यांनी! वर्षाला ८५ सेंटिमीटरहून अधिक वाढ. ही पिल्लं आली दुसऱ्या झऱ्यांवरून. निरनिराळ्या झऱ्यांवरच्या प्राण्यांची जनुकं ताडून पाहिली की कुणाचं गोत कुठलं, कुठे ये-जा आहे आणि कुठे तुटलीय, ते कळतं. शेजारचा झरा शाबूत असेल तर उजाड झालेला झरा पुन्हा नांदता होतो. मधले दोन-चार झरे एकदम गेले, तर पुढचा झरा शिदोरीच्या पल्ल्याबाहेर जातो.

आता ही गोष्ट आपल्या दारात आली आहे. झऱ्यांच्या धुराड्यांत तांबं, जस्त, सोनं, चांदी साठतं, आणि जगाला ते हवंय. हिंदी महासागरात २००१ मध्ये एक गोगलगाय सापडली. तिच्या पायावर लोखंडी खवले. तिच्याही पोटात जिवाणू. २०१९ मध्ये तिची नोंद धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत झाली. खोल समुद्रातल्या खाणकामाच्या भीतीनं यादीत आलेला हा पहिलाच प्राणी. तेव्हा ती फक्त तीन झऱ्यांवर माहीत होती, आणि तिघांची मिळून जागा भरली ०.०२ चौरस किलोमीटर. म्हणजे जेमतेम पाच एकर! शिवाय तीनपैकी दूरच्या एका झऱ्यावरच्या गोगलगायींची जनुकं बाकीच्यांपेक्षा वेगळी निघाली. मधलं अंतर दोन हजार किलोमीटरहून अधिक. तिथली वस्ती संपली तर या बाजूच्या बहिणींकडून ती भरून निघेल, अशी आशा करता येत नाही.

आपल्या देशानंही २०१६ मध्ये हिंदी महासागरातल्या दहा हजार चौरस किलोमीटर तळावर अशा धातूंचा शोध घेण्याचा करार केला. सप्टेंबर २०२५ मध्ये दुसरा करार झाला, कार्ल्सबर्ग रिजसाठी. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यातल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रानं चेन्नईच्या समुद्र तंत्रज्ञान संस्थेच्या साथीनं साडेचार हजार मीटर खोल एका जिवंत झऱ्याचं छायाचित्रही टिपलं. अभिमान वाटावा असंच काम. हे करार शोधाचे आहेत, खणण्याचे नाहीत. खणण्याचे जागतिक नियम जुलै २०२५ च्या बैठकीतही ठरले नव्हते. तांबं आपल्यालाही लागतं, घरातल्या वायरीपासून विजेच्या गाडीपर्यंत. तेव्हा नुसतं ‘नको’ म्हणणं मला पटत नाही.

पण नियम करणाऱ्यांनी एक गोष्ट आधी मोजावी असं वाटतं. उद्या पेपरात ‘समुद्राच्या पोटातून सोनं’ अशी बातमी आली, तर तुम्हीही ती वाचून पान उलटू नका. घरात मोठ्यानं विचारा, की तिथल्या प्राण्यांसाठी पुढचा झरा किती लांब आहे? लेकराला घराबाहेर पाठवलेल्या बाईला अंतराचा हा हिशोब कुणी शिकवावा लागत नाही.