सळई हाड धरते, सांधते शरीर

हिंजवडी : शिवाजी चौकातील गर्दीत दुचाकी घसरून नडगीचे हाड मोडलेला माणूस शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांना बहुधा पहिला प्रश्न विचारतो, तो 'कामावर कधी जाता येईल?' हाच. राजीव गांधी इन्फोटेक पार्कमधील अभियंता असो वा चाकणच्या कारखान्यातील कंत्राटी कामगार, हा प्रश्न पोटापाण्याचा असतो. मात्र त्याचे उत्तर पायात बसविलेल्या सळईकडे नसते. सळई तुकडे जागेवर धरून ठेवते, इतकेच. ते सांधण्याचे काम शरीर करते आणि प्रत्येकाच्या शरीराची गती निराळी असते.

हाड मोडताच आतील रक्तवाहिन्या फाटून तेथे रक्ताची गुठळी तयार होते. सूज येते, पेशी गोळा होतात, दोन-तीन आठवड्यांत कूर्चेचा मऊ सांधा धरतो आणि पुढे त्यात कॅल्शियम साठून तो कठीण होतो. सुरुवातीची सूज नकोशी वाटली, तरी दुरुस्तीला तिच्यापासूनच आरंभ होतो. पेशींना हाड घडविण्याचा संदेश देणारे घटक हाडातच असतात, हे अमेरिकी शल्यविशारद मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले. क्षार काढून टाकलेले हाड त्यांनी प्राण्यांच्या स्नायूत ठेवले, तेव्हा तेथे नवे हाड तयार झाले.

या सर्व कामाला रक्तपुरवठा लागतो आणि नडगीची अडचण नेमकी येथेच आहे. मांडीच्या हाडाभोवती स्नायूंचे जाड आवरण असते. नडगीची पुढची बाजू मात्र त्वचेच्या लगेच खाली असते. तिच्या खालच्या भागात रक्तपुरवठाही तोकडा. हाड त्वचा फाडून बाहेर आले असेल, तर जंतुसंसर्गाची भर पडते. त्यामुळे मनगटाचे हाड साधारण सहा आठवड्यांत जुळत असले, तरी नडगीला चार महिने किंवा अधिक काळ लागू शकतो. तान्ह्या बाळाच्या मांडीचे हाड मात्र तीन-चार आठवड्यांत सांधते.

रक्तपुरवठा आणखी घटविण्याचे काम कंपनीबाहेरच्या टपरीवर होते. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, तर धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील प्राणवायूची जागा घेतो. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये हाड न जुळण्याचे प्रमाण बरेच अधिक आढळते. अनियंत्रित मधुमेहही हाड जुळणे लांबवितो.

आयटी कर्मचाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. आतड्यातून कॅल्शियम शोषून घेण्यासाठी 'ड' जीवनसत्त्व आवश्यक असते. ते त्वचेत तयार करणारे अतिनील किरण काचेतून जवळजवळ येतच नाहीत. काचेच्या इमारतीत खिडकीपाशी बसून ऊन दिसते, त्याचा उपयोग होत नाही! अर्थात, कमतरता नसताना गोळ्या घेतल्याने हाड लवकर जुळते, असा ठोस पुरावा नाही.

हालचालीचेही प्रमाण असते. माफक हालचालीने सांधा बळकट होतो, अतिरेकाने तो मऊच राहतो. पहिल्या आठवड्यांत हाडवैद्याकडून मोडलेल्या जागी मालिश करून घेणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

नऊ महिने उलटूनही हाड जुळले नाही आणि शेवटच्या तीन महिन्यांतील क्ष-किरण चित्रांत प्रगती दिसली नाही, तर ते आपोआप जुळण्याची आशा सामान्यतः सोडण्यात येते. अशा वेळी अनेकदा रुग्णाच्याच कंबरेच्या हाडाचा भुगा काढून मोडलेल्या जागी भरतात आणि कामावर जाण्याचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात.