‘कोड उघडा आहे ना? मग चालवेल कोणीतरी!’

एखादं छोटं ओपन सोर्स अ‍ॅप बंद पडतंय असं कळलं की हे वाक्य ठरलेलं. तो ‘कोणीतरी’ म्हणजे आपणच, असं मात्र बोलणाऱ्याच्या मनातही येत नाही.

उघड्या कोडचा परवाना तुम्हाला मुभा देतो, माणूस देत नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गिटहबवरचे १,९३२ लोकप्रिय प्रकल्प तपासले गेले. त्यातले ३१५ मूळ डेव्हलपरांनी सोडून दिले होते. नवी माणसं पुढे आल्यामुळे तरले फक्त १२८. ही लोकप्रिय प्रकल्पांची गत. मग विणकामाचे टाके मोजायच्या अ‍ॅपला वाली कुठून मिळणार?

बरं, वाली मिळाला असं समजू. ‘सिंपल मोबाइल टूल्स’ ही गॅलरी, कॅलेंडर, फाइल मॅनेजर वगैरे अ‍ॅपची मालिका जाहिराती नसल्यामुळे अनेकांची आवडती होती. २०२३ च्या अखेरीस मूळ डेव्हलपरने ती झिपोअ‍ॅप्स या कंपनीला विकली. जुन्या सहकाऱ्यांपैकी एकाने तोच कोड घेऊन ‘फॉसिफाय’ सुरू केलं. म्हणजे ‘कोणीतरी’ खरोखरच आला, तोही जाणकार.

आता फोनवर काय झालं ते बघा. अँड्रॉइड एखादं अपडेट तेव्हाच स्वीकारतं, जेव्हा त्यावर आधीच्याच डिजिटल चावीची सही असते. ही चावी कोडमध्ये नसते आणि कोडसोबत कोणी ती वाटतही नाही. प्ले स्टोअरवरची जुनी अ‍ॅप्स नव्या मालकाकडे गेली, त्यामुळे पुढची अपडेट्सही त्याच्याच हातात. फॉसिफायची गॅलरी अँड्रॉइडच्या लेखी पूर्ण परकं अ‍ॅप. कोड तोच असला तरी ती जुन्या गॅलरीच्या जागी आपोआप येऊन बसत नाही. प्रत्येकाने ती शोधायची, नव्याने टाकायची आणि सेटिंग्जचंही स्वतःच बघायचं. ज्यांच्या कानावर ही बातमीच गेली नाही, त्यांच्यासाठी कोड उघडा असून नसल्यासारखा.

शिवाय अ‍ॅप चालवायचं म्हणजे नुसता कोड लिहायचा नाही. उपकरणांमधल्या फाइल्स जुळवून ठेवणाऱ्या सिंकथिंगच्या अधिकृत अँड्रॉइड अ‍ॅपचा कोड काही एका रात्रीत सडला नव्हता. तरी ते २०२४ च्या डिसेंबरपासून बंद करत असल्याचं जाहीर झालं. कारणं दोन: प्ले स्टोअरवर अ‍ॅप ठेवण्याचा जाच, आणि नियमित लक्ष घालणारं कोणी नसणं. हे काम कंटाळवाणं असतं, म्हणून तर माणसं सोडून जातात.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?’ कारण खालची जमीन सरकते. अँड्रॉइड ६ च्याही आधीच्या आवृत्त्यांना धरून बांधलेली अ‍ॅप्स अँड्रॉइड १४ सरळ मार्गाने बसवूच देत नाही.

‘दोन वर्षं अपडेट नाही, म्हणजे मेलं.’ असंच काही नाही. तारखेपेक्षा तक्रारींना उत्तरं मिळताहेत का ते बघा.

‘देणग्या दिल्या की झालं.’ पैशाने वेळ काढता येतो, उडालेलं मन परत येत नाही.

‘मदतीला कोणीही आलं तरी चालेल.’ अजिबात नाही! एक्सझेड युटिल्स या फाइल्स दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या थकलेल्या डेव्हलपरला ‘जिया टॅन’ नावाचा मदतनीस मिळाला. दोनेक वर्षं इमानेइतबारे काम करून त्याने विश्वास मिळवला आणि २०२४ मध्ये त्यात चोरवाट घुसवली. दूरस्थ लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा छडा आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने लावला म्हणून ती सापडली.

‘सोडताना बघू कोणाकडे द्यायचं ते.’ तोवर उशीर झालेला असतो. के-९ मेल हे ईमेल अ‍ॅप २०२२ साली थंडरबर्ड या ईमेल प्रकल्पाकडे गेलं, तेव्हा त्याचा मुख्य डेव्हलपर कामावर होता आणि पुढेही राहिला. वापरणाऱ्यांना नवं काही शोधावं लागलं नाही. के-९ ची अपडेट्स त्यांच्या फोनवर येत राहिली.