लाट रंगवायला पंधरा दिवस

चित्रप्रदर्शनात खवळलेल्या समुद्राचं अभिव्यक्तिवादी अ‍ॅक्रिलिक चित्र लागलेलं असलं आणि लाटेच्या पोटात फळीवर तोल सावरणारा सर्फर असला, की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. ‘काय झपाट्यानं रंगवलंय!’ आणि ‘ऐन वादळात शिरलाय गडी!’ दोन्हींत गफलत आहे.

आधी झपाटा. अभिव्यक्तिवादी चित्र म्हणजे भावनेच्या भरात एका दमात फासलेला रंग, असं आपण धरून चालतो. चित्रकार मुंकच्या ‘द स्क्रीम’चंच बघा. पहिलं चित्र 1893चं, पण तीच किंकाळी तो 1910 पर्यंत कधी पेस्टलनं, कधी टेंपेरात पुन्हा पुन्हा काढत राहिला. सतरा वर्षं चाललेल्या कामाला भर कसं म्हणायचं? पाण्याचं उदाहरण हवं असेल तर चित्रकार हॉकनीचं ‘अ बिगर स्प्लॅश’ घ्या. हॉकनी अभिव्यक्तिवादी नव्हे, हे मान्य. पण 1967च्या त्या अ‍ॅक्रिलिक चित्रात क्षणभर उसळलेलं पाणी रंगवायला त्याला सुमारे दोन आठवडे लागले, तेही बारीक ब्रशांनी. उरलेले सपाट भाग त्यानं रोलरनं उरकले होते.

अ‍ॅक्रिलिक म्हणजे जरा महागडा पोस्टर कलर, हाही समज पक्का आहे. पोस्टर कलर वाळल्यावरही ओल्या बोटाला लागतो. अ‍ॅक्रिलिकमधलं पाणी उडालं की प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण एकमेकांत मिसळून त्यांचा पापुद्रा होतो आणि मग तो पाण्याला दाद देत नाही. (रात्रभर न धुता ठेवलेल्या माझ्या एका ब्रशची सकाळी काठी झाली होती.) ओला असताना त्यातला चीक दुधट दिसतो, वाळल्यावर पारदर्शक होतो. त्यामुळे रंग लावताना दिसतो त्यापेक्षा गडद वाळतो. लाटेच्या पोटातला काळपट हिरवा हवा असेल तर चित्रकाराला तो अंदाजानं फिका ठेवावा लागतो. फेसासाठी सुरीनं थापलेला पांढरा वरून आधी सुकतो, आत ओला राहतो आणि घाई केली तर तडकतो. म्हणून उंच फेस थरावर थर देत चढवायचा. आणि तैलरंगावर अ‍ॅक्रिलिक चढवायचं नाही, ते धरत नाही. उलट क्रम चालतो.

आता वादळ. सर्फरला वादळ हवं असतं, पण दूरचं. वारा जिथे घोंगावतो तिथे लाटा तुटक, एकमेकींवर आदळणाऱ्या असतात. त्यांच्यावर फळी टिकत नाही. हजारो किलोमीटर प्रवासात आखूड लाटा विरतात आणि लांब लाटा ओळीनं किनाऱ्याला लागतात. दोन लाटांत पंधरा सेकंदांचं अंतर असलेला असा ताफा खोल समुद्रात दिवसाला साधारण हजार किलोमीटर कापतो. पाणी मात्र जागच्या जागी गोल फिरतं. पुढे सरकते ती ऊर्जा. पोर्तुगालमधल्या नाझारेला समुद्रतळाची प्रचंड घळ जवळजवळ किनाऱ्याशी भिडते. तिच्यामुळे लाटा एकवटून उंचावतात. 2020 मध्ये सर्फर सेबास्टियन श्टॉयटनर तिथेच 26.21 मीटरच्या लाटेवरून उतरला. लाटेची भिंत गुळगुळीत राहायला वारा जमिनीकडून समुद्राकडे हवा, म्हणजे आपल्या भूगोलाच्या पुस्तकातला मतलई वारा.

दूरच्या वादळाची लाट आपल्याकडेही येते. केरळात ऊन पडलेलं असताना, वारा नसताना दर्या अचानक चढतो. त्याला तिथे ‘कल्लकडल’, चोर समुद्र, म्हणतात. दक्षिण हिंदी महासागरातून निघालेल्या या लाटांचे इशारे हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था देते.

मग चित्रात सर्फरच्या डोक्यावर काळे ढग आणि तुटलेला फेस एकत्र कसे? चित्रकारानं दूरचं वादळ ओढून जवळ आणलं. हवामान खात्याला ते चालणार नाही, अभिव्यक्तिवादाला चालतं. पुढच्या वेळी अशा चित्रासमोर उभे राहिलात तर बाजूला सरका आणि तिरप्या उजेडात फेसाकडे बघा. सुरीच्या कडा दिसतील, आणि कॅनव्हासच्या काठाशी खालच्या थरातला एखादा वेगळाच निळा.